फोटोतली बाई

आई,

मी साइटवर निघालेय. तुला वॉकर घेऊन वावरता येईल असं हे घर मी करून घेतलं ना, त्याचे फोटो काढायला मासिकाचा माणूस अकराला येईल. दार शेजारच्या काकू उघडतील. त्याच्याबरोबर एक बाई असतील, तुझ्याच वयाच्या, पण हसऱ्या. फोटोत त्या बसतील. मनाला लावून घेऊ नकोस; परवा तुझे काढून पाहिले, तर मान हलते आणि तोंड कायम आंबट. तुझा वॉकर त्यांच्यासाठी हॉलमध्ये नेऊन ठेवलाय, तेव्हा सगळे जाईपर्यंत पलंगावरून उतरू नकोस.

एक काम मात्र कर. भिंतीवरची दांडी धरून कमोडवरून कसं उठायचं, ते त्यांना तिथूनच ओरडून सांग. त्या धडधाकट आहेत, त्यांना कुठून माहीत असणार.