मीराचं पाणी

कांजूरमार्ग,
१२ ऑगस्ट १९८४

ती. जानकीताईस,

शेवंतीचा शिरसाष्टांग नमस्कार. घाईत लिहितेय. शेजारचा सहदेव संध्याकाळच्या एस.टी.ने कणकवलीला निघालाय, त्याच्याच हाती हे देते. आमसुलं पोचली. तुझी मीरा शाळेत रुळलीय, बाई म्हणतात तुमची भाची फार बोलते.

तिचं पोट जरा बिघडलंय. जरा कसलं! तीन दिवस आव पडत होती. काल रक्त दिसलं तशी माझी बोबडी वळली, उचलून इस्पितळात नेली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर डिसेंट्री लिहिलं. मी विचारलं, "म्हणजे काय हो? जगेल ना पोर?" त्या म्हणाल्या, "नावाला घाबरू नका. जुना ग्रीक शब्द आहे. डिस म्हणजे वाईट, एंटेरॉन म्हणजे आतडं. आतडं बिघडलंय, एवढाच अर्थ." मला हायसं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "पाणी किती पिते?"

"भरपूर," मी म्हटलं.

खोटं बोलले गं. आपली आई जुलाबात पाणी तोडायची ना, तसंच मी तोडलं. "मावशी, एकच घोट," म्हणत पोर पदराला लोंबकळत होती आणि मी कळशी फळीवर चढवली. परवा मोरीत बादलीला तोंड लावताना सापडली. मी तिला मारलं, ताई. चांगलं दोनदा मारलं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. "खरं सांगा!" त्या ओरडल्या. सगळं सांगून टाकलं. "आतडं रोगानं बिघडलं, पण पोर सुकली ती तुमच्यामुळे," म्हणाल्या. तोंडात मारल्यासारखं झालं. लगेच सलाईन लावलं. आज दुपारी तिला अखेर लघवी झाली तेव्हा मी वॉर्डात सगळ्यांदेखत रडले.

धोका टळलाय म्हणतात. आता साखर-मिठाचं पाणी सारखं पाजायचंय. कमल नर्सने वाटी धरली की घटाघटा पिते. मी धरली की ओठ घट्ट मिटून माझ्या हाताकडे बघत राहते. मघाशी हळूच म्हणाली, "प्यायले तर मारशील?"

पत्र मिळताच निघ. मला काय बोलायचं ते तोंडावर बोल, सगळं ऐकेन. पण आधी तिला पाणी पाज.

मीराची मावशी म्हणवून घ्यायला लाजणारी,
शेवंती