स्तोत्र एकशे बासष्ट

१२ जानेवारी, रविवार

चहात मीठ! आईंनी आज विनोदच्या चहात चमचाभर मीठ घातलं आणि या पठ्ठ्याने तो कप मुकाट्याने संपवला. आईपुढे माझ्या नवऱ्याची बोलायची हिंमत नाही. मग मीच म्हटलं — आई, डोळ्यांचं आता बघायलाच हवं.

सासूबाईंच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकलाय. डावाही त्याच वाटेवर. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी चार फेब्रुवारीची तारीख दिली आहे. एक तारखेच्या दुपारपर्यंत हो-नाही कळवायचं, नाहीतर थेट एप्रिल. आणि एप्रिलपर्यंत डोळा वाचेल याची हमी नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

आईंचं एकच — "वचन आल्याशिवाय मी त्या टेबलावर नाही चढत."

१३ जानेवारी

वचन म्हणजे काय, ते लिहून ठेवते. पुढेमागे मीच विसरेन.

आईंकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात दोनशे कार्डं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून केलेली. चाळीस वर्षांत आईंनी पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एकेक वचन प्रत्येकावर स्वतः उतरवलंय, खाली कोपऱ्यात तारीख टाकून. रोज सकाळी प्रार्थना झाली की डोळे मिटून एक कार्ड ओढायचं. तो त्या दिवसाचा देवाचा शब्द. गेल्या वर्षापासून त्यांना वाचता येत नाही, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे!

म्हणजे कोंढ्याच्या श्रावण गुरुजींच्या मुलीकडे. आमच्या घरी बुद्धवंदना, आणि वंदनेनंतर बाबांचा प्रश्नोत्तराचा तास. कोणीतरी सांगितलं म्हणून काही मानायचं नाही, आधी तपासायचं. मी साकोलीत आठवी-नववीला गणित शिकवते. विनोदशी लग्न ठरलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, "पोरगा चांगला हाय. घर बदल, पण डोकं बदलू नको."

नाही बदललं. पण रोज सकाळी पावणेसातला मी वचन वाचते. बसस्टँडवर गाड्या पुकारतात त्या आवाजात.

आजचं कार्ड — धीर धरण्याबद्दल. झालं!

१५ जानेवारी

आज भांडण. म्हणजे गोड भांडण, पण भांडणच.

मी म्हटलं, "आई, शंभरातली अठ्ठ्याण्णव ऑपरेशनं नीट होतात. डॉक्टर म्हणाले."

"अन् दोन?"

"दोन म्हणजे काहीच नाही हो!"

"काहून? ते दोन टक्के माणसं नाहीत का वं? त्यांले नाव नाही?"

पण मी काय कच्ची आहे? दुसरीकडून धरलं. या बाई एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. अर्ध्या तालुक्याला दंड धरून सुया टोचल्यात. विचारलं, "तेव्हा देवाला विचारून टोचायचात का?"

"हो. दर वेळेले विचारायची. मनातल्या मनात. तू ऐकाले होती का तिथं?"

विनोद भाजी निवडत होता. हसला आणि एक अख्खी मेथीची जुडी देठांसकट कढईत गेली.

१६ जानेवारी

आई आंघोळीला गेल्या तेव्हा डबा उघडला. सगळी कार्डं पाहिली. 'जा, भिऊ नको, बरी होशील' अशा अर्थाची फक्त नऊ! दोनशेत नऊ. तपासणीच्या वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली. रोज एक ओढून कार्ड परत टाकायचं, एक तारखेपर्यंत उरलेल्या सोळा दिवसांत एकदा तरी कामाचं निघण्याची शक्यता बावन्न टक्के. सासूबाईंचा डोळा बावन्न टक्क्यांवर! नववीच्या मुलांनाही मी यापेक्षा बरं गणित देते.

क्षणभर वाटलं, ती नऊच ठेवावीत, बाकीची कपाटात टाकावीत. लगेच बाबांचा चेहरा आठवला. नको. फसवणूक ती फसवणूकच.

१९ जानेवारी, रविवार

चर्चमधल्या उपासनेनंतर तिथले पाळक धनंजयसाहेब घरी आले. मी त्यांना आधीच गाठून सांगून ठेवलं होतं. त्यांनी लाडू हातात घेतला आणि सुरुवात केली, "सुशीलाबाई, डॉक्टरसुद्धा देवानेच दिलेत."

"दिले ना. मी कुठं नाही म्हटलं? मंग त्यानंच सांगाव, सुशीला जाय म्हणून."

साहेबांनी दुसरा लाडू घेतला. सलाम करून गेले. आमचा पक्ष लाडवांत विरघळला.

२४ जानेवारी

पुन्हा धीर धरा. आठवड्यात तिसऱ्यांदा. दोनशे कार्डांत एवढा धीर कोणी भरून ठेवला!

२८ जानेवारी

बाबांचा फोन. मीच करायला लावला होता. मागच्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत. आईंना म्हणाले, "विहीणबाई, मले आता शेजाऱ्याच्या कोंबडीचे पिसंबी मोजता येतात. शेजारी नाराज हाय, कोंबडी नाराज हाय, पण मी मजेत!" आई खूप हसल्या. पदराने डोळे पुसले.

फोन ठेवला आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. मी मागून पाहत होते. भिंतीला हात लावून चालत होत्या आणि ओठांत आकडे मोजत होत्या. एक, दोन, तीन... सात पावलं आणि उंबरठा. माझ्याच घरात माझ्या सासूबाई आकडे मोजून चालतात आणि मला आज कळलं.

ओट्याशी त्या आपणहून बोलल्या. "तुले सांगतो. माझ्या मायचा डोळा असाच गेला. ऑपरेशन झालं, डोळ्यात पाणी झालं, गेला. मीच घेऊन गेलती तिले. नर्स होती ना मी! मोठ्या तोऱ्यात सांगितलं, माय, काही होत नाही. ते दोन टक्के म्हनतेस ना तू? बायजाबाई नाव होतं त्याचं."

ऑपरेशनं तेव्हा वेगळी होती, यंत्रं वेगळी होती, हे सगळं खरं आहे. पण मी पीठ मळत राहिले.

त्या देवाची वाट पाहत नाहीत. त्या घाबरल्या आहेत. आणि माझ्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांनी त्यांना आणखी एकटं पाडलं. लाज वाटली मला.

१ फेब्रुवारी, शनिवार

केलं! मी करून बसले!

पावणेसात. आईंनी प्रार्थना केली, कार्ड ओढलं, माझ्या हातात दिलं. शेवटचा दिवस. कार्ड पाहिलं — प्रभूची वाट पाहा, शांत राहा, असंच काहीतरी. तिथेच माझं डोकं फिरलं. ती नऊ वचनं आठवावीत, तर एक आठवेल तर शपथ! तोंड उघडलं आणि जे आलं ते वाचलं —

"तुझे डोळे मी घडवले, आणि त्यांना उजळणारे हातही मीच घडवले. ऊठ, उशीर करू नको. तुझी लेक तुझ्यासोबत आहे."

आई म्हणाल्या, "कुठलं हाय?" कार्डावर ठावठिकाणा असतोच, तो वाचायचाच असतो. म्हटलं, "स्तोत्र एकशे बासष्ट, वचन तिसरं." खणखणीत आवाजात!

"पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. एक शब्द इकडेतिकडे नाही. बावीस वर्षं सिद्धता तोंडपाठ म्हणतेय, ती विद्या इथे कामाला आली.

"बरं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरले फोन लाव."

खरं कार्ड या वहीत दडवलंय. ख्रिस्ती नसलेली बाई देवाच्या नावाने बोलली आणि तपासूनच मानणाऱ्या बापाची मुलगी धडधडीत खोटं बोलली. एकाच वाक्यात दोन्ही घरं बुडवली!

दुपारी आईंनी कात्री मागितली. दिसत नसताना कात्री? "काम हाय," म्हणाल्या. आज त्यांना प्रश्न विचारायची माझी छाती नव्हती. दिली.

२ फेब्रुवारी, रविवार

मेले. मेले!

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी मुलांसाठी पाठांतर स्पर्धा जाहीर केली. "बायबलमध्ये एकशे पन्नास स्तोत्रं आहेत, प्रत्येकाने निदान एक तरी पाठ करा."

एकशे पन्नास. दीडशेच! एकशे बासष्टावं नाहीच मुळी! गणिताची बाई आणि आकड्यातच पकडली जाणार.

आई माझ्या शेजारी बसल्या होत्या. तीस वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना बायबल शिकवलेली बाई. मी तिरक्या नजरेने पाहिलं. त्या पदराने चष्मा पुसत होत्या. चेहऱ्यावर काही नाही. वयामुळे विसरल्या असतील. विसरल्याच असतील.

४ फेब्रुवारी, मंगळवार

भंडारा. त्यांना हिरवा झगा घालून आत नेलं. जाता जाता माझं मनगट धरलं, "तू इथंच राहाशील ना वं?" म्हटलं, "इथेच आहे, आई." विनोद पाणी आणायला गेला आणि पंधरा मिनिटं पाणीच आणत राहिला.

मी बाकावर बसून अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव म्हणत होते. मग केव्हातरी लक्षात आलं, मी आकडा म्हणतच नाहीये. मी म्हणतेय, हिला सांभाळ. हिला सांभाळ. कोणाला म्हणत होते? माहीत नाही. बाबा, माफ करा. अर्ज टाकला, पत्ता लिहिला नाही.

बावीस मिनिटांनी आई बाहेर. एका डोळ्यावर पट्टी. पहिला शब्द — "चहा. अन् साखर तू टाक."

५ फेब्रुवारी

पट्टी निघाली!! आई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझे केस पांढरे होऊन राहिले, राखी. कोनं सांगितलंबी नाही मले." आणि घरी आल्या आल्या, "हे पंख्यावरचे जाळे कवापासून हायेत?"

मी आनंदाने रडले आणि नंतर पंखा पुसला.

१२ फेब्रुवारी

आई आता स्वतःच वचन वाचतात. चष्म्याशिवाय, एक डोळा मिटून. माझी नोकरी गेली. आज पाहिलं तर डबा पुढ्यात घेऊन बसल्या होत्या, एकेक कार्ड काढून वाचत होत्या. दोनशे कार्डं संपली की कळणार, तसलं वचन डब्यात नाहीच. एक कार्ड कमी भरेल ते वेगळंच!

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते ठसका लागेपर्यंत हसले. मग एकदम गंभीर. "डोळा वाचला, चांगलं झालं. पन तिचा विश्वास तुह्या हातात होता, बाई. तिनं डोळे झाकून कार्ड देल्लं तुले. सांगून टाक."

खरंच आहे. दुसऱ्या कोणी आमच्या बाबांच्या श्रद्धेशी असं केलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

१५ फेब्रुवारी

उद्या सकाळी सांगणार. ठरलं. दडवलेलं कार्ड हातात ठेवायचं आणि माफी मागायची. त्यांनी बोलणं टाकलं तर? या घरातली सगळ्यात आवडती व्यक्ती ती आहे, हे मी विनोदलासुद्धा कधी सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

पावणेसात. मी तोंड उघडायच्या आत आईंनी डबा माझ्यापुढे सरकवला. "आज तू ओढ."

लग्नाच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा. ओढलं. तेच — तुझे डोळे मी घडवले. शब्दन् शब्द. स्तोत्र १६२, वचन ३. दोनशेत एक शक्यता, नाहीतर आईंनी ते वर ठेवलं होतं. विचारलं नाही.

कार्ड वाकडंतिकडं कापलेलं. अक्षरं एकमेकांवर चढलेली, ओळी खाली घसरलेल्या. काहीच दिसत नसताना लिहिल्यासारख्या. आणि कोपऱ्यात तारीख — १ फेब्रुवारी.