तीन तासांचं पत्रक

२ जुलै, मंगळवार

रडतोय. अजून पन्नास मिनिटं आहेत.

पत्रक फ्रीजवर चिकटवलंय. सहा, नऊ, बारा, तीन. प्रत्येक वेळी नव्वद मिली. बालकल्याण ऑफिसच्या माबेल मॅडमनी परवा बाळ हातात देताना बजावलं, "मधे एक थेंब नाही, नोएमी. अशा मुलांना शिस्त हवी असते. लाड करणारे पुष्कळ भेटतात." रोजच्या वेळा लिहायच्या आणि दर सोमवारी पत्रक ऑफिसात द्यायचं.

मला वेळेचं वावडं नाही. लेमुय बेटाच्या बोटीच्या तिकीट खिडकीवर वीस वर्षं काढलीत. सुटायची वेळ म्हणजे सुटायची वेळ. उशिरा येणाऱ्याने धक्क्यावर उभं राहून हात हलवावा. पण धक्क्यावरचा माणूस असा जांभळा-निळा होऊन रडत नाही!

अजून एकेचाळीस मिनिटं.

३ जुलै

मलाच विसर पडायला नको म्हणून लिहून ठेवते — आमारो सांभाळायला दिलाय. कायमचा दिलेला नाही. कोर्ट ठरवेपर्यंतच.

त्याची आई यारित्सा, एकोणीस वर्षांची. सॅल्मन माशांच्या कारखान्यात पाळीवर असते. बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून एकटीच निघून गेली. आठवड्याने परत आली, रडत. तोवर कागद हलले होते.

चार आठवड्यांचं पोर. पायाचा तळवा माझ्या अंगठ्याएवढा.

६ जुलै, शनिवार

आज भयंकर झालं. सकाळी साडेदहाला सुरू झाला. फिरवलं, गाणं म्हटलं, स्टोव्हजवळ घेऊन बसले, लंगोट दोनदा बदलला. बाराला बाटली दिली तर इतक्या हावरेपणाने प्यायला की ठसका लागला, आणि निम्मं दूध भळकन माझ्या अंगावर. मग झोपला. तीन वाजले तरी उठेना. पत्रकात तीन! म्हणून गालाला हात लावून लावून उठवलं, निपल तोंडात कोंबलं. त्याने तोंड फिरवलं. मी पुन्हा कोंबलं.

सासूबाई मिल्काओच्या पोळ्यांसाठी बटाटे किसत होत्या. हात थांबवून बघत राहिल्या. "रडतो तेव्हा देत नाहीस, झोपतो तेव्हा देतेस. कोणाची भूक भागवतेयस तू? त्याची की त्या कागदाची?"

"ऑफिसचा नियम आहे, आई."

"मी सात वाढवली. घरात घड्याळ होतंच कुठे?"

"तुमचं अंगावरचं दूध होतं. हे डब्याचं आहे."

"दूध डब्यातलं असेल. पोट डब्यातलं नाही!"

७ जुलै

सासूबाईंशी बोलत नाही. त्याही माझ्याशी नाहीत. आमारो दोघींशीही रडून बोलतो.

९ जुलै

सव्वा दहा. आधी मूठ चोखू लागला. मग मान इकडे-तिकडे, तोंड उघडून काहीतरी शोधत होता. रडला नव्हता अजून. मी बाटली केली. दिली. सत्तर मिली प्यायला, मधे मधे थांबत, मला बघत. मग ओठ मिटले आणि मान वळवली. उरलेलं ओतून टाकलं. ठसका नाही, ओकारी नाही.

पत्रकावर लिहिलं: नऊ, नव्वद. बारा, नव्वद.

अक्षर नेहमीसारखंच आलं.

११ जुलै, गुरुवार

वजन चांगलं वाढलंय. दवाखान्यातल्या नर्सबाईंना हळूच खरं सांगितलं. हसल्या. "मागेल तेव्हा द्या, नको म्हणेल तेव्हा थांबा. खूप वेळ झोपून राहिला तरच उठवा. पावडर आणि पाणी मात्र मापातच. इतकं काही कठीण नाही."

म्हटलं, "ऑफिसला कळवाल का?"

"मला विचारलं तर सांगेन. तुम्हीच का नाही सांगत?"

का नाही सांगत? कारण पहिल्याच महिन्यात नियम मोडणारी बाई म्हणून नाव लागेल. त्याला उचलून दुसऱ्या घरी नेतील. आणि — हे लिहायला नको — घड्याळ पाळत होते तोवर मी नोकरी करत होते. आता तो बोलावतो आणि मी जाते. हे निराळंच काहीतरी आहे. भीती वाटते.

१५ जुलै, सोमवार

पत्रक दिलं. माबेल मॅडम खूश! "बघा, शिस्तीने वजन कसं वाढलं. हेच पत्रक मी त्या मुलीला देते. उद्यापासून भेटी सुरू. शिकू दे तिलाही."

"बरं," म्हटलं.

१६ जुलै, मंगळवार

कास्त्रो गावी, ऑफिसात पहिली भेट. अकरा ते बारा. मी बाहेर बाकावर, मधे काच. यारित्सा लहानखुरी आहे. केस ओले, हाताला कारखान्यातल्या थंडीने भेगा. बाळाला घेताना दोन्ही हात आधी जीन्सला पुसले.

अकरा वीसला आमारो मूठ चोखू लागला. मला दिसलं. तिलाही दिसलं असावं, कारण तिने पिशवीतून बाटली काढली. मग पत्रक काढलं, वाचलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाटली परत आत.

चाळीस मिनिटं रडला तो. ती उभी राहिली, बसली, झुलवलं, त्याच्या कानात काही बोलली. मग तीही रडू लागली. माबेल मॅडम कोपऱ्यात बसून लिहीत होत्या.

मी बाकावरून उठले नाही.

बसमध्ये मी बाटली दिली. लगेच शांत.

१७ जुलै

नोल्बेर्तो शिंपल्यांच्या बोटीवरून आला तो थेट पाळण्याकडे. हातपाय धुवायच्या आधी! "कशी आहे ती पोरगी?" मी म्हटलं, "साधी आहे." आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. त्याला पाळण्यावर असं वाकलेलं कधी पाहिलं नव्हतं.

२३ जुलै, मंगळवार

दुसरी भेट. तस्संच. दार किलकिलं होतं, ऐकू येत होतं. या वेळी तिने रडत रडत विचारलंसुद्धा, "मॅडम, थोडं आधी दिलं तर चालेल का?"

"पत्रकात काय लिहिलंय?"

"बारा."

"नोएमीताईंकडे कसा राहतो मग तो बारापर्यंत?"

यारित्साने काचेतून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गातल्या हुशार मुलीकडे बघावं तसं.

निघताना माबेल मॅडम माझ्या दंडाला धरून बाजूला घेऊन गेल्या. "मी अहवालात लिहितेय, आईला बाळ शांत करता येत नाही, नातं जुळत नाही. काही मुली नसतातच त्यातल्या. उद्या न्यायाधीशांनी नाही म्हटलं, तर दत्तकासाठी तुमच्या अर्जाचा विचार आधी होईल. माझा शब्द."

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? पायरी उतरेपर्यंत आनंदच होता. बसमध्ये बाटली देताना मात्र त्याच्याकडे बघवेना.

२५ जुलै

नोल्बेर्तोला सगळं सांगितलं. खोट्या वेळा, सगळं.

मातेचा कढत चहा ढवळत म्हणाला, "आपण त्या पोरीचं काही बिघडवलं नाही. सोडून तीच गेली होती."

"परतही तीच आली."

"गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, नोएमी."

"लिहिलंय मी. माझ्या हाताने."

तो उठून बाहेर पावसात गेला. लाकडं फोडत राहिला. एवढी लाकडं आम्हाला दोन हिवाळे पुरतील!

२८ जुलै, रविवार

चित्त थाऱ्यावर नाही. कपडे दोनदा धुतले. मनातल्या मनात वकिली करतेय. ती अजून पोर आहे. कारखान्यात रात्रपाळी. भाड्याची खोली, दमट. माझ्याकडे स्टोव्ह आहे, सासूबाई आहेत, चांगला नवरा आहे. सगळं खरं. पण अहवालात हे नाही. अहवालात आहे की तिला त्याची भूक कळत नाही. तिला कळते! मी पाहिलंय! अकरा वीसला, माझ्याबरोबरच कळली होती.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्याला ढेकर येतोय, तुझा मात्र अडकलाय."

३० जुलै, मंगळवार

अकरा पंचवीस. मूठ तोंडात. यारित्साने घड्याळाकडे पाहिलं. बाटलीला हातही लावला नाही या वेळी. नुसती बसून राहिली, ओठ दाबून, रडणं सुरू व्हायची वाट बघत. शिकली बिचारी.

कधी उठले, आठवत नाही. दार ढकलून आत.

"दे! बाटली दे त्याला!"

"नोएमी, तुम्ही बाहेर—"

"भूक लागलीय त्याला, मॅडम! तो माझ्याकडेही बारापर्यंत थांबत नाही. कधीच थांबला नाही. त्या वेळा खोट्या आहेत. मी लिहिल्या. तो मागतो तेव्हा मी देते."

खोलीत फक्त त्याचं कुरकुरणं. यारित्साचा हात पिशवीत थांबलेला.

"दे गं," मी म्हटलं. "बाटली आडवी धर. त्याला मधे थांबू दे. तोंड फिरवलं की पुरे."

प्यायला. एका हाताने तिचं बोट धरून प्यायला. ती खाली बघत होती, आणि नाकावरून ओघळलेलं पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आता मात्र राग होता. "मला वाटायचं, मी नकोय त्याला," म्हणाली. "दोन आठवडे. दोन आठवडे मला असं वाटत होतं, ताई."



१ ऑगस्ट

माबेल मॅडमचा फोन. आवाज बर्फासारखा. माझं नाव बाळं सांभाळणाऱ्या घरांच्या यादीतून कायमचं कमी. बाळाला पुन्हा जागा बदलायला नको म्हणून निकालापर्यंत राहू देतील, तेवढंच. भेटी नव्याने होणार, दुसऱ्या मॅडम बघतील. नर्सबाईंचंही म्हणणं घेणार.

नोल्बेर्तोला सांगितलं. "बरं," म्हणाला. पाळण्याशी जाऊन बसला.

१३ ऑगस्ट, मंगळवार

नव्या पद्धतीने दुसरी भेट. मला आत यायला बंदी. काचेतून पाहिलं. एकदाही रडला नाही. यारित्साने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार

निकाल. आईकडे. तिची मावशी अंकुदहून तिच्याबरोबर राहायला येणार, ती पाळीवर असताना बघणार.

उद्या.

२० ऑगस्ट

गेला. कपडे, डबा, दोन बाटल्या. "थँक्यू," म्हणाली. जमिनीकडे बघून.

नोल्बेर्तो समुद्रावर निघून गेला. बरं झालं.

२३ ऑगस्ट

सव्वा दहाला उठून पाणी गरम केलं. मग आठवलं. सासूबाईंनी त्याच पाण्याचा माते केला, माझ्या हातात दिला.

४ सप्टेंबर

काही नाही. पाऊस.

१५ सप्टेंबर, रविवार

सकाळच्या बसने यारित्सा आली, बाळ शालीत गुंडाळलेलं. गाल भरलेत त्याचे! आत यायच्या आधीच, दारात भिजत उभी राहून बोलली, "तुमच्यावरचा राग गेलेला नाही माझा. पण पुढच्या रविवारी बाप्तिस्मा आहे, आणि धर्ममाता म्हणून मी पाद्रीबाबांना तुमचं नाव दिलंय."

मी म्हटलं, "अगं, विचारायला आलीस की सांगायला?"

"सांगायला, कोमाद्रे," म्हणाली — आईने पोराच्या धर्ममातेला मारायची हाक — आणि त्याला माझ्या हातात दिलं.