अर्ध्या छपराचा चांगला सराव

प्रिय सतीश,

जय भीम. तू पाठवलेली तुझ्या ऑफिसची पुस्तिका मिळाली. कागद इतका गुळगुळीत, की आईने आधी हात धुतले आणि मग ती उघडली. आपल्या देशाने जगाला हवामानाबद्दल जी वचनं दिली, ती प्रत्यक्षात कशी पाळावीत याचे नमुने म्हणे त्यात आहेत. वर मराठीत ठळक छापलंय, ‘चांगले सराव’. अरे शहाण्या, गुड प्रॅक्टिस म्हणजे चांगली पद्धत, सराव होय? माझ्या वर्गातल्या सातवीच्या पोराने असं लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. आईने एकेक अक्षर लावून ते वाचलं आणि मला विचारलं, “सराव चाललाय व्हय? मग खरं कदी करणार हायत?” तुमच्या त्या एवढ्या साहेबांत हा प्रश्न एकालाही सुचला नाही.

पान बारावर आई कामाला जाते तोच कारखाना आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतली टॉवेलची शेड, वर पांढराशुभ्र रंग आणि खाली मजकूर, की ऊन परतवणाऱ्या रंगामुळे आत गारवा आला, पंखे कमी लागले, वीज वाचली. फोटो झकास आहे. रस्त्यावरून काढलाय ना! छपराची रस्त्याकडची उतरण तेवढी पांढरी आहे. मागची, जिच्याखाली आई मागासाठी सुताच्या कांड्या भरते, ती गंजलेल्या पत्र्याची तशीच आहे. मालक म्हणतो, रंग संपला. मार्चमध्ये तू फोटोवाल्याला घेऊन आलास, तेव्हा शेडच्या मागे जायला पन्नास पावलंसुद्धा लागली नसती. पण तुला ऊन लागत होतं, म्हणून तू एसी लावून गाडीत बसलास. आणि म्हणे उष्णतेचा तज्ज्ञ! मला तुझी किळस आली, स्पष्टच सांगते.

आता या तमाशात तू आईलाही ओढलंस. पुढच्या महिन्यात दिल्लीच्या सभेत परदेशी पाहुण्यांपुढे तिने सांगायचं, की छपरामुळे आमचं काम सुखाचं झालं. तिकीटही पाठवलंस. भांडी घासताना ती ते वाक्य घोकत असते. मी चिडले तर म्हणते, “लेकाचं नाव हाय त्यात. तू गप बस की.” आणि मी गप्प बसले. तिच्यासाठी नवी साडीसुद्धा मीच आणली, याची मला लाज वाटते.

एप्रिलमध्ये आईला साधा ताप आहे, असं मी तुला फोनवर सांगितलं, ते खोटं होतं. त्या मागच्या पत्र्याखाली ती चक्कर येऊन पडली होती. दोन दिवस दवाखान्यात सलाइनवर होती. तुझ्या कामाला बट्टा लागेल म्हणून तिने मला शपथ घातली, ती आज मी मोडतेय. तिचं तिकीट रद्द कर, आणि का केलंस ते तूच तिला सांग, माझं ती ऐकत नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी मागचं छप्पर रंगवून घे. आणि पान बारावर तळाशी, उष्णतेने आजारी पडलेल्या कामगारांपुढे तू शून्य लिहिलंयस. तिथे एक लिही. नाव पारूबाई.

तुझीच,
धम्मप्रियाताई