बोटावरचं दूध

प्रिय शालन,

आज सकाळपासून माझा कान मोकळा आहे. ही बातमी तुझ्याशिवाय सांगू कुणाला? इथं निरवांगीत सांगितली तर म्हणतील, बायको गेली आणि तात्याचं डोकं फिरलं!

तुझी ती पांढरी मांजर, धारेच्या वेळी तुझ्याशेजारी बसणारी, तीही गेली गं. उसाच्या ट्रॅक्टरखाली आली. कडब्याच्या गंजीत तिचं एकच पिल्लू सापडलं. उचललं, तर ते सरळ खांद्यावर चढलं आणि माझ्या कानाची पाळी तोंडात धरून चोखायला लागलं! डोळे मिटलेले, पंजे मानेवर दाबतंय, घुरघुर चालू. काय मिळत असेल त्याला तिथं? खारट घाम? मी तिचं नाव चिंगी ठेवलं.

दुपारी आंब्याखाली बाजेवर पडलो की चिंगी यायचीच. तिची घुरघुर, पाटाच्या पाण्याचा आवाज, अर्धवट झोप. मग वाटायचं, तू धार काढतेयस आणि चरवीत दूध वाजतंय. डोळे उघडायला नकोच वाटायचं. खरं सांगू? तू गेल्यापासून मला मायेनं कुणी हात लावला नव्हता.

पण पिल्लू सुकत चाललं. ड्रॉपरनं शेळीचं दूध पाजायचो, तेवढंच पोटात जायचं. वाटी पुढं केली की तोंड फिरवून कानाकडं धाव. अशानं ती जगणार कशी?

शेजारच्या रखमाकाकू म्हणाल्या, "कडुलिंबाचा पाला वाटून लावा की कानाला. पोरांचं दूध आमी असंच तोडतो."

लावला. चिंगी शिंकली, माझ्याकडं रागानं बघितलं आणि दुसऱ्या कानाला लागली! मी शहाण्यानं एकाच कानाला लेप दिला होता. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. तू असतीस तर गावभर केलं असतंस.

लेकीला बारामतीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, तिला ढकलू नका. ती भुकंनं न्हाय चोखत, आईच्या आठवणीनं चोखतीय. आधी पोटाला घाला, मग जवळ घ्या."

मी फोन ठेवला. ती मांजराबद्दलच बोलत होती ना?

मग तुझी वासरं आठवली. नवं वासरू बादलीला तोंड लावेना की तू त्याच्या तोंडात दोन बोटं द्यायचीस. चोखता चोखता हात दुधात न्यायचीस आणि बोटं कधी काढून घेतलीस ते त्याला कळायचंही नाही. "घाई न्हाय करायची," म्हणायचीस. "त्याला वाटलं पायजे, बोट अजून हाय."

मी करंगळी दिली. रोज वाटीत थोडी आणखी खाली. आज सकाळी करंगळी हळूच काढली, तरी ती पीतच राहिली! मिशा दुधानं माखलेल्या. पोट भरल्यावर उन्हात जाऊन झोपली, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी तिथंच उकिडवा बसून रडलो, शालन. दुखण्यात तू एकेक काम माझ्याकडं देत गेलीस. आधी चहा. मग धार. मग भाकरी. पहिली जळाली, तर अंथरुणातून म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या, उद्या नीट हुईल." मला वाटायचं, दमलीस म्हणून सांगतेस. माझं दूध तोडत होतीस होय गं? एवढं लबाड असावं माणसानं? सांगून तरी करायचंस!

सांगितलं असतंस तर मी परातीला हातही लावला नसता, हेही खरंच.

आणि मी काय केलं? तू गेल्यावर पुन्हा भाकरी थापलीच नाही. काकूंच्या डब्यावर दिवस ढकलतोय, त्यातलंही निम्मं कुत्र्याला घालतोय. मांजराच्या पिल्लाला जमलं आणि मला जमू नये?

आज संध्याकाळचा डबा नको म्हणून काकूंना सांगून आलो. चूल पेटवणार आहे. भाकरी वाकडी होईल, जळेल, पण अख्खी खाईन. तुझी शपथ.

माझं नाव तू कधी घेतलंच नाहीस. ज्या नावानं हाक मारायचीस, त्याच नावानं सही करतो.

तुझा,
'अवं'