चौकट वाकडीच आहे

२ फेब्रुवारी
बाथरूमच्या दाराची चौकट वाकडी आहे. मधोमध पोट आल्यासारखी फुगली आहे. ह्यांना दाखवली. हे म्हणाले, मला तर सरळ दिसते. ह्यांचं काय, ह्यांना सगळंच सरळ दिसतं. उभ्या जन्मात एक खिळा सरळ ठोकलेला नाही. मी सर्व्हे ऑफिसात ड्रॉइंगच्या टेबलावर केस पांढरे केले. हाताने रेघ ओढायचे, साहेब पट्टी लावून बघायचे, आणि पट्टी रेघेवर बरोब्बर बसायची. शाळेत नन्सनी बोटांवर पट्टी मारूनच ही नजर तयार केली.
सकाळी तीच बोटं वळेनात. कपाचा कान धरवेना. हल्ली कपांचे कानच लहान करतात.

६ फेब्रुवारी
संधिवाताची आठवड्याची गोळी मी डिसेंबरातच बंद केली. सांध्यांच्या डॉक्टरांना सांगितलेलं नाही. विचारतील तेव्हा सांगू. ते कॉम्प्युटरशी बोलतात. गोळ्या दिल्या की सांधे लाडावतात. संकल्प: रोज बोटांचा व्यायाम, गार पाण्याने डोळे धुणे, कुणावरही न चिडणे.
संध्याकाळी: पेपरवाल्यावर चिडले. मधल्या कॉलमाची छपाई पुसट येते. म्हणाला, आजी, बाकीच्या घरांतून तक्रार नाही. म्हटलं, बाकीच्या घरांत वाचतं कोण? आणि आजी कोणाला म्हणतोस? टक्कल बघ स्वतःचं.

११ फेब्रुवारी
उजवा डोळा लाल. उजेड टोचतो. ह्यांनी आणलेले स्वस्तातले बल्ब, दुसरं काय. घरात काळा चष्मा लावून बसले. ह्यांनी मला न विचारता डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. न विचारता! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

१४ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणजे कालपरवा शाळेतून सुटलेली मुलगी. तिला मी मनात छोटी म्हणते. छोटी म्हणाली, सांध्यांची सूज आणि डोळ्यातली सूज एकाच आजाराची, आता ती डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत गेली आहे. गुडघा कुठे, डोळा कुठे! मग म्हणाली, संधिवाताची गोळी चालू आहे ना? म्हटलं, अर्थात. डिसेंबरपर्यंत चालूच होती.
नंतर बारीक चौकोनांचा एक तक्ता समोर धरला. डावा डोळा झाका, मधल्या ठिपक्याकडे बघा, रेघा सरळ दिसतात का? म्हटलं, ज्याने मधल्या रेघा काढल्या त्याला आधी घरी बसवा. छोटी हसली नाही. म्हणाली, दर दोन तासांनी थेंब घाला, तक्ता फ्रिजवर लावून रोज बघा. सूज उतरली नाही तर ह्या डोळ्याचं मधलं दिसणं कायमचं जाईल.
घरी येऊन तक्ता लावला. छपाई खरोखर वाईट. फ्रिजही कललेला आहे.

१८ फेब्रुवारी
थेंबांची बाटली दाबायला पैलवान हवा. मान मागे जात नाही, म्हणून स्वतःची पद्धत काढली: उभं राहून, बाटली दोन्ही मुठींत. पहिला थेंब गालावर, दुसरा भुवईवर, तिसरा कॉलरवर. हे म्हणाले, मी घालू का? म्हटलं, तुम्हाला कपात ओतलेला चहा कपात ठेवता येत नाही. पडदे लावलेत ते बघा, दांडी कशी लाटा मारते आहे. हे पेपर घेऊन बाल्कनीत गेले.
आसपास पडलं तरी औषध आपली वाट शोधतंच.

२१ फेब्रुवारी
सुताराला बोलावलं. त्याने चौकटीला ओळंबा लावला आणि म्हणाला, बाई, चौकट सुतात आहे, एकदम सरळ. मी बघितलं तर ओळंब्याची दोरीच मधे पोट काढून होती. म्हटलं, दोरी वाकडी आहे तुझी. त्याने दोरीकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. ह्यांनी छताकडे. सुतार म्हणाला, तुम्ही म्हणाल तिथे घासतो, आपलं काय जातंय. असा माणूस हवा! मी खुर्ची टाकून बसले, ड्रॉइंगच्या सवयीने डावा डोळा मिटला आणि सांगत गेले: अजून, अजून जरा, बास.
चौकट सरळ झाली. दार आता लागत नाही, पण तो दाराचा दोष. हे आत गेले की खाकरत बसतात.

२६ फेब्रुवारी
चौकटीने पुन्हा पोट काढलं. लाकूड ओलं असणार. चहा ओतला तो कपाशेजारी. कप जागेवर नव्हता.
दुपारी सहज कागद घेऊन एक रेघ ओढली. वाकडी दिसली. पट्टी लावली. पट्टीही वाकडी दिसली.
कागद फाडला. ह्यांना सांगितलं नाही.

३ मार्च
सूज तशीच. छोटी म्हणाली, थेंब कसे घालता ते करून दाखवा. दाखवलं. कानावर पडला. छोटी म्हणाली, तुमचे कान उत्तम आहेत हो, त्यांना औषध नको. उद्धट. मग पुन्हा गोळीची चौकशी. मी तोंड उघडणार तोच हे म्हणाले, डिसेंबरपासून बंद आहे, सगळ्या शिवणाच्या डब्यात आहेत. ह्यांना ठाऊक होतं! माझी बोटं वळत नाहीत म्हणून तुटलेली बटणं हल्ली हेच लावतात, हे मी विसरले होते. म्हटलं, मग बोलला का नाहीत इतके दिवस? हे म्हणाले, बोलायला जागा कुठे असते?
छोटीने फोन करून सांध्यांच्या डॉक्टरांना सांगितलं. गोळी आजपासून सुरू. थेंब दर तासाला, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी हातून. डोळ्याची खात्री देत नाही म्हणाली. परतताना गाडीत मी काहीच बोलले नाही. ड्रायव्हर वाईट चालवत होता तरी.

४ मार्च
पलंगावर आडवं पडायचं, हे वर वाकणार. ह्यांच्याकडे खालून वर कधी बघितलंच नव्हतं. नाकात केस आहेत. पहिलाच थेंब बरोबर डोळ्यात पडला. मी म्हणणार होते की योगायोग, तर हे म्हणाले, बोलू नकोस, बोललीस की औषध वाहून जातं, थेंबानंतर पाच मिनिटं गप्प पडायचं, डॉक्टरांनी सांगितलंय. छोटी असं काही म्हणाल्याचं मला आठवत नाही.
ती पाच मिनिटं हे बोलतात. दर तासाला. आज कळलेल्या गोष्टी: पडदे सरळ आहेत. माझा भाऊ कंटाळवाणा आहे. निरोप समारंभात माझं भाषण इतकं लांबलं की साहेबांना डुलकी लागली. संध्याकाळच्या थेंबाला म्हणाले, सुताराची दोरी तुला वाकडी दिसली ना, तेव्हा मी घाबरलो.
ह्यावर बोलायला माझ्याकडे बरंच होतं. पाच मिनिटं झाली नव्हती. झाल्यावर आठवेना.

२६ मार्च
तक्त्याची छपाई सुधारली. रेघा जवळजवळ सरळ आहेत. अगदी मधला एक चौकोन मात्र पुसट. छोटी म्हणते, तो बहुतेक तसाच राहील. गोळी डिसेंबरात सोडली नसती तर कदाचित राहिला नसता. एका चौकोनाने काय होतंय! पडद्यांची दांडी सरळ. फ्रिज सरळ. थेंब आता दिवसातून चारच. हे जरा खट्टू आहेत, अजून खूप सांगायचं राहिलंय म्हणतात.
मग बाथरूमकडे गेले. चौकट वाकडी आहे. डाव्या डोळ्याने वाकडी, उजव्या डोळ्याने वाकडी, दोन्हींनी वाकडी. कुणी दात लावून कुरतडल्यासारखी. ह्यांना हाक मारली. म्हटलं, बघा, मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. ह्यांनी चष्मा पुसून नीट बघितलं. म्हणाले, हो गं, आता वाकडी आहे.
सुताराला फोन केला. म्हणाला, बाई, महिनाभर वेळ नाही.
आत गेले. दार लागेना. खाकरत बसले.