दोन संघ, एक मांडी

१ जानेवारी, गुरुवार
धुकं. घाटावरून पलीकडची रेती दिसत नाही.
संकल्प : रोज पळायचं. कचोरी बंद. आणि यंदा दुखापत नाही. गेल्या वर्षी चार सामने खेळलो, पाच वेळा जखमी झालो. पाचवी जखम बूट शोधताना झाली, पण बूट सामन्याचेच होते.
वय शेहेचाळीस. फॉरवर्डचा खरा काळ आता सुरू होतो. पूर्वी मी चेंडूमागे पळायचो. आता चेंडू कुठे जाणार ते मला आधी कळतं, म्हणून पळत नाही.
कचोरी उद्यापासून. आज शरदिनीने मागवली होती. बायकोचा मान ठेवला.

४ जानेवारी, रविवार
पेच आला आहे. डोकं स्वच्छ राहावं म्हणून लिहून काढतो.
रविवारी मी पंचगंगा स्पोर्टिंगकडून फुटबॉल खेळतो. तो माझा क्लब. कप्तान मिश्राजी, औषधांचं दुकान आहे त्यांचं. आणि दर जानेवारीत पलीकडच्या रेतीवर प्रांतांची स्पर्धा होते. काशीत पिढ्यान् पिढ्या राहिलेले बंगाली, नेपाळी, तमिळ आणि आपण मराठी. तो माझा देश. कप्तान उल्हास, शरदिनीचा मावसभाऊ.
क्लबची सेमीफायनल अठरा तारखेला. देशाचा बंगाल्यांशी सामनाही अठरा तारखेला.
युरोपात मोठ्या खेळाडूंचं असंच होतं. क्लब म्हणतो आमचा, देश म्हणतो आमचा. मधल्या मधे खेळाडूची मांडी जाते.
ईशानीला समजावून सांगितलं. क्लासला निघाली होती. म्हणाली, बाबा, तुम तो इंटरनॅशनल प्रॉब्लेम हो. मुलीला बापाचा अभिमान आहे.

५ जानेवारी, सोमवार
ग्रंथालयातून लवकर निघालो. आधी मिश्राजींच्या दुकानात. म्हटलं, रागावू नका, पण देशानेही मला मागितलंय. मिश्राजींनी हातातली गोळ्यांची पट्टी खाली ठेवली. म्हणाले, "अरे नीलू गुरु! देश के आगे क्लब क्या चीज है? आप आज ही से जाइए." आवाज भरून आला होता. प्रॅक्टिसही माफ केली.
मग उल्हासकडे. म्हटलं, क्लब मला सोडायला तयार आहे. उल्हासचा चेहरा पडला. म्हणाला, "भावोजी, असं कसं? क्लबचं मीठ खाल्लंय तुम्ही. आम्ही तुम्हाला अडवणार नाही."
दोघंही माझ्यासाठी त्याग करायला निघाले आहेत. हल्ली असं पाहायला मिळत नाही.

७ जानेवारी, बुधवार
माफ असूनही क्लबच्या प्रॅक्टिसला गेलो. मिश्राजींनी मला सगळ्यांच्या पिशव्यांजवळ बसवलं. म्हणाले, गुरु, मैदानावर माकडं फार आहेत, भरवशाचा माणूस पाहिजे. दीड तास बसून खेळ वाचला. एकदा चेंडू माझ्याकडे आला. मी उठेपर्यंत दुसऱ्याने नेला. त्याची घाई चुकीची होती.
एक केळं माकडाने नेलं. ते पिशवीबाहेर होतं.

९ जानेवारी, शुक्रवार
जखमी.
देशाच्या प्रॅक्टिसला निघालो होतो. एका पायावर उभा राहून मोजा घालत होतो. मांडीच्या मागे टचकन झालं. पलंगावर पडलो. पलंगावर इस्त्रीचे कपडे होते. आधी त्यांच्याबद्दल बोलणं झालं.
शरदिनीला म्हटलं, स्नायू फाटला असणार. ती म्हणाली, फाटायला आधी असावा लागतो.
तीन आठवडे तरी विश्रांती. म्हणजे तेवढी लागते असं मी ऐकलंय. मी आठवड्यात उठेन.

११ जानेवारी, रविवार
जबाबदारी कोणाची, यावर आज बैठक. मिश्राजींचं दुकान. मी स्टुलावर, पाय खोक्यावर.
मिश्राजींचं म्हणणं, दुखापत देशाच्या प्रॅक्टिसला जाताना झाली, तेव्हा खेळाडू देशाचा. उल्हास म्हणाला, मोजा क्लबचा होता. मिश्राजी म्हणाले, मोज्यातला पाय मराठी होता. उल्हास म्हणाला, मिश्राजी, तीन वर्षं रविवारचा वापर तुम्ही केलात, आता मोडल्यावर आमच्या गळ्यात? मिश्राजी म्हणाले, भैया, वापर कसला, आम्ही तर जपूनच ठेवलंय.
खरंच जपतात.
दुकानात गिऱ्हाईकं जमली. एका म्हातारीने विचारलं, जमिनीचं भांडण आहे का? मिश्राजी म्हणाले, हो अम्मा, पडीक आहे.
शेवटी टॉस करायचं ठरलं. उल्हासने नाणं उडवलं. मिश्राजी जिंकले. इतके खूश झाले की काउंटरवर हात आपटला आणि एका गिऱ्हाइकाला कफ सिरप सवलतीत दिलं. मला वाटलं, ठीक, क्लब तर क्लब. तर मला छातीशी धरून म्हणाले, "गुरु, हम जीत गए. आप उधर जाइए."
जिंकूनही देशाला दिलं. उल्हास बराच वेळ नाण्याकडे बघत होता. हरलेल्याला मिळालं की माणूस असाच गांगरतो.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. शरदिनीने गुळाची पोळी केली, शेजारून खिचडी आली. दोन्ही खाल्लं. स्नायूला लागतं.
उल्हास तिळगूळ घेऊन आला. आज गंभीर होता. म्हणाला, भावोजी, खरं सांगतो. तरणी मुलं सगळी पुण्याला, बंगळुरूला. परवा कुशलही गेला. उरलो दहा. नियम तुम्हाला माहीत आहे, सामना सुरू होताना अकरा माणसं उभी नसतील तर संघ बाद. एकदा बाद झालो की जागा गुजरात्यांना. त्यांनी जर्सी शिवून ठेवल्यात. माझे आजोबा खेळले या स्पर्धेत, वडील खेळले, आणि माझ्या हातून बुडायची वेळ आलीय.
त्याचे डोळे ओले झाले. माझेही. मी म्हटलं, उल्हास, देशासाठी मांडी गेली तरी चालेल.
तो म्हणाला, मांडी नको. फक्त उभं राहा. पळायचं नाही. गंगेच्या दिशेने हात करून सांगा.
मी हात केला. मला त्याचा डाव कळला. पळणारे दहा आणि जागेवर राहून खेळ चालवणारा एक. युरोपात याच्यावर व्याख्यानं होतात.

१६ जानेवारी, शुक्रवार
गुप्त सराव. पहाटे भोसले घाटाच्या पायऱ्या चढलो. उतरताना मांडी ओढली. म्हणजे जागी झाली. एका परदेशी बाईने हात धरून खाली आणलं. तिला मी क्लब आणि देशाचा प्रश्न इंग्रजीत सांगितला. ती फार हळहळली. दहा रुपये देऊन गेली. घेतले नाहीत म्हणून पायरीवर ठेवले.
कोणाला सांगितलं नाही. फिटनेसची बातमी बाहेर जाता कामा नये.
मग मलइयो खाल्लं. दुधाचा फेस तो, त्यात वजन काय?

१८ जानेवारी, रविवार, सकाळ
सामन्याच्या दिवशी पोटात दम हवा. कचोरी. जिलेबी.
क्लबची सेमीफायनल धुक्यामुळे पुढे ढकलली, असं ग्रुपवर आलंय. मी नाही म्हणून ढकलली असेल, तसं ते लिहिणार नाहीत.
ईशानी बरोबर यायला निघाली. म्हटलं, बघ आज बाबा. ती म्हणाली, बाबा, प्लीज, बस खड़े रहना. उल्हासने तिलाही सांगितलेलं दिसतं.

१८ जानेवारी, संध्याकाळ
क्रमाने लिहितो.
बोटीने रेतीवर पोचलो. आम्ही अकरा उभे राहिलो. नटराजन सर पंच होते, निवृत्त गणित शिक्षक. त्यांनी मोजलं. माझ्यापाशी थांबले, पुन्हा मोजलं. अकराच भरले. गुजराती पाच-सहा जण जर्सी घालून बघायला आले होते. ते मागे सरले. उल्हासने डोळे मिटले. आपला प्रांत एक वर्ष वाचला. कोणामुळे, ते लिहायची गरज नाही.
सामना सुरू झाला. आमच्या निनादने लवकरच गोल केला. एक-शून्य. मी उभा होतो.
मग चेंडू माझ्या पुढ्यात आला. गोलकीपर पुढे आलेला. समोर मोकळी रेती. शपथ गंगेची होती, पण आम्ही पलीकडच्या तीरावर होतो, दिशा उलटी. पळालो. तीन पावलं झाली असतील. टचकन.
मला ओढत आमच्या गोलजवळ बसवलं. बोट निघून गेली होती, घरी पाठवता येईना. तेवढ्यात पर्यटकांना फिरवणारा एक उंट आला आणि गोलच्या डाव्या बांबूला पाठ घासू लागला. बांबू पडला. पुन्हा रोवला, रेती धरेना. उल्हासने इकडे-तिकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भावोजी, धरता जरा?"
धरला. दोन्ही हातांनी. बांबूचा आधारही झाला.
शेवटची मिनिटं. बंगाल्यांचा कप्तान अनिमेष. त्याने असा फटका मारला की चेंडू थेट माझ्या हातावर बसला आणि मैदानात परत गेला. नाही तर गोलच होता. हात अजून सुजलाय.
अनिमेष ओरडला, हँडबॉल! पेनल्टी! खेळाडू आहे, हाताला लागलाय! आमचे म्हणाले, बांबूला लागलाय. नटराजन सर आले. मला बघितलं, बांबू बघितला. मग उल्हासला म्हणाले, कप्तान, आप बोलिए. ये आपका प्लेयर है या पोल?
दूरवर उंटाची घंटा. सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, इतकी वर्षं खेळलो ते या प्रश्नासाठी. आज देश सगळ्यांसमोर सांगेल, हा आमचा.
उल्हासने श्वाससुद्धा घेतला नाही.
"खांब."
मागून निनाद म्हणाला, "सर, ये शुरू से ही खंभा हैं." अनिमेष जवळ आला, मला नीट निरखून बघितलं आणि म्हणाला, ये बात तो ठीक है.
पेनल्टी नाही. आम्ही जिंकलो. शिट्टी वाजली, सगळ्यांनी एकमेकांना उचललं. मला कोणी उचललं नाही. गोल पडला असता.
पहिल्या बोटीत दहा जण बसले. मी, ईशानी आणि बांबू दुसऱ्या बोटीने. काठी नव्हती, बांबू टेकत घरी आलो. गल्लीत वळताना तो दोनदा अडकला. ईशानीने दोन्ही वेळा सोडवला. दारात म्हणाली, बाबा, पर गोल तो आपने ही बचाया. आणि माझे बूट काढून दिले.

१९ जानेवारी, सोमवार
पाय उशीवर. ग्रुपवर विजयाचा फोटो आलाय. डाव्या कडेला माझा हात आहे.
दुपारी मिश्राजींचा फोन. आवाज मधासारखा. नीलू गुरु, रविवारी सेमीफायनल आहे. आपके बिना नहीं होगा.
मी उठून बसलो. शेवटी क्लबला कळलं. म्हटलं, मिश्राजी, मांडी गेलीय, पळता येणार नाही. ते घाईने म्हणाले, अरे पळायचं कोण म्हणतंय? आमच्या मैदानातला उजवीकडचा खांब कोणीतरी उपटून नेलाय. कालचं सगळं ऐकलं आम्ही. पूरे घाट पे आपकी चर्चा है.
मी लगेच हो म्हटलं नाही. म्हटलं, दुखापत देशाकडून खेळताना झालीय. नियमाने आधी देशाची परवानगी लागेल.
उल्हासला फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, तुमची हरकत असेल तर क्लबला स्पष्ट नाही सांगतो. संकोच करू नकोस.
उल्हास म्हणाला, "छे हो भावोजी, आमची काय हरकत? तुम्ही खुशाल जा." मग म्हणाला, "बांबू मात्र आमचा आहे. तो आज संध्याकाळी पाठवून द्या."